कुंपण आणि शेत

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या तालुक्यात कंपनी-कायद्याची चर्चा पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. कंपनी म्हटली की मुंबईचा शेअर बाजारच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कायद्यात उत्पादक कंपनीचे प्रकरण आले आणि अवघ्या १० शेतकऱ्यांनाही कंपनी स्थापण्याचा अधिकार मिळाला. २०२० साली केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आखली. तीत प्रत्येक संघटनेस ३ वर्षांच्या व्यवस्थापनखर्चासाठी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले. सोयाबीन-तूर पिकविणारा कोरडवाहू शेतकरी अशा रीतीने भागधारक झाला. त्याच्या पैशाची राखण कोण करणार, हा प्रश्न म्हणून आमच्या मते अगत्याचा आहे.

परक्याच्या पैशावर माणूस स्वतःच्या पैशाइतकी नजर ठेवीत नाही, असा इशारा अॅडम स्मिथने १७७६ मध्येच दिला होता. त्यामागचे गणित साधे आहे. समजा, १,००० सभासदांच्या कंपनीत कारभाऱ्यांनी ५ लाख रुपयांचा अपहार केला. प्रत्येक सभासदाचे नुकसान ५०० रुपये. तेवढ्यासाठी मजुरी बुडवून, तालुक्याला हेलपाटे घालून दप्तर कोण तपासील? उलट, अपहार करणाऱ्याच्या पदरात मात्र सगळे ५ लाख पडतात. सभासद उदासीन आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्यांचा हिशेब चुकलेला नसतो. जागरूकता ज्याला महाग पडते त्याला ती स्वस्त करून देणे, हेच कायद्याचे खरे कार्य होय.

मोठ्या कंपनीतील असंतुष्ट भागधारक भाग विकून मोकळा होतो. भाव घसरतो आणि संचालकांना जाग येते. अर्थात हा पहाराही अपुरा पडतो, हे २००९ च्या सत्यम प्रकरणाने दाखविलेच. उत्पादक कंपनीचा भाग मात्र दर्शनी किमतीनेच, तोही संचालक मंडळाच्या संमतीने, दुसऱ्या क्रियाशील सभासदास देता येतो. बाहेरच्या धनिकांनी कंपनी गिळू नये म्हणून हे बंधन योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक पहारेकरी कमी होतो, हे विसरून चालणार नाही.

सर्वसाधारण सभेची १४ दिवस आधी सूचना, एक-चतुर्थांश सभासदांची गणसंख्या, अंतर्गत हिशेबतपासणी, संचालकांना कर्ज देण्यापूर्वी सभेची मान्यता, अशी तरतूद कायद्यात आहे. पण गणसंख्या घरोघर फिरविलेल्या वहीतील सह्यांनीच भरली, तर त्या तरतुदींचा उपयोग काय?

आमच्या सूचना तीनच आहेत. माल कोणास, कोणत्या भावाने विकला आणि त्यात संचालकांचे आप्त कोण, याचा एकपानी मराठी ताळेबंद गावोगावी जाहीर वाचला जावा. तपासनीसाची निवड संचालकांच्या मर्जीवर न सोडता अनुदान देणाऱ्या यंत्रणेने करावी. आणि सभासदाचे अन्यत्र माल विकण्याचे स्वातंत्र्य कधीही हिरावले जाऊ नये. शेतकऱ्याच्या हातचा शेअर बाजार तोच आहे.

नियम वाढले तर प्रामाणिक माणसे संचालकपद स्वीकारणार नाहीत, हा आक्षेप फोल नाही. म्हणूनच आम्ही मोजकेच नियम सुचवितो. सचोटीच्या संचालकाला उघड्या हिशेबाचे भय नसते, उलट तो त्याचा आधारच ठरतो. कुंपण शेत खाऊ लागल्यावर आरडाओरड करण्याची आपल्याला सवय आहे. कुंपण घालतानाच ते नीट पारखून घेण्याची सवय आता लोहाऱ्याने लावून घ्यावी.