मायनिंग? मुलीला?

२०१२ साली इराणमधल्या ३६ विद्यापीठांनी तब्बल ७७ कोर्सेस मुलींसाठी बंद केले. इस्फहान विद्यापीठाचं मायनिंग इंजिनिअरिंग त्यातलंच. कारण काय, तर पास झालेल्या मुलींना नोकऱ्याच मिळत नाहीत! आधी नोकरी द्यायची नाही, मग नोकरी नाही म्हणून शिकवायचंही नाही. (काय पण लॉजिक.)

हसण्याआधी जरा वर्धा-बल्लारशा लाइनवरच्या माजरी जंक्शनला उतरा. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे वेकोलिचं, कोळशाचं गाव. १९५२च्या खाण कायद्याचं कलम ४६ तेव्हा इथेही लागू होतं. बाईने जमिनीखाली उतरायचं नाही. वर काम करायचं तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ७. भूमिगत खाणीचा मॅनेजर व्हायचं तर खाली काम केल्याचा अनुभव लागतो. मग बाई प्रमोशनच्या रांगेत उभी राहणार होती कुठे, तुम्हीच सांगा.

हे सगळं म्हणे तिच्या काळजीपोटी. पण १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडला, तेव्हा आपल्या मध्य प्रांतातही बायकांना खाली उतरवलं होतं. १९४६ मध्ये बंदी परत! काळजी तेवढी तीन वर्षं रजेवर गेली असावी.

चंद्राणी प्रसाद वर्मा यांना मायनिंगची डिग्री हवी होती आणि कोर्स मुलींना बंद होता. १९९६ मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं, खास बाब म्हणून अॅडमिशन मिळाली आणि १९९९ मध्ये देशाला पहिली महिला मायनिंग इंजिनिअर मिळाली. एका अॅडमिशनसाठी हायकोर्ट!

तरी कोर्टाने ऐकलं. इराणमध्ये कायदाच नवऱ्याला बायकोचं काम थांबवायची सोय देतो. नर्गिस मोहम्मदी फिजिक्स शिकलेल्या, पेशाने इंजिनिअर. २०२३चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या तुरुंगात होत्या.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये दार किलकिलं झालं. ओपनकास्टला नाइट शिफ्ट, आणि खाली फक्त टेक्निकल, सुपरव्हायझरी, मॅनेजरच्या जागा, त्याही दिवसा. वर लेखी संमती हवी आणि एका शिफ्टला किमान तिघी. (पुरुषांची संमती कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.) २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी इंजिनिअर म्हणून उतरल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तर संमती असेल तर सगळ्या प्रकारच्या कामांत, रात्रीसुद्धा, बायकांना मोकळीक आहे.

आता भरतीची पुढची जाहिरात निघेल तेव्हा माजरीच्या कॉलनीतल्या किती घरांत मुलीचा फॉर्म भरला जातो, ते बघायचं.