संत्र्यावर नाहक आळ

गेल्या पावसाळ्यात एका लग्नानिमित्त पुण्यास जाणे झाले. लग्न आटोपल्यावर घरच्या तरुण मंडळींनी आग्रह करकरून आम्हांस एका नव्या धर्तीच्या पानगृहात नेले. काचेच्या भिंतीपलीकडे पोलादी पिंपे उभी, आणि त्यांतच तयार झालेली बिअर अलीकडे पेल्यात येते, असा थाट. आमच्यापुढे गव्हाची संत्रास्वादी बिअर ठेवण्यात आली. पेल्याच्या काठावर संत्र्याची चकती खोचलेली होती. पहिल्या घोटास वास आला तो शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या नारिंगी गोळीचा, आणि घोट उतरल्यावर घशात जे रेंगाळले त्याची जात खोकल्याच्या औषधाची होती. आम्ही तोंड वाकडे केलेले पाहून शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, संत्र्याचं हे असंच असतं. साल आली की कडूपणा आलाच."

पेला आम्ही तसाच ठेवला. पण ते वाक्य मात्र बरोबर आले. संत्र्यावर हा आळ नाहक आहे असे आमचे मत आहे, आणि ते मांडण्यास आम्हांस थोडाफार अधिकार आहे, तो कसा ते पुढे येईलच.

मद्याचे नाव निघताच आपल्या लष्करातील जुन्या घरांत कपाळाला आठी पडते हे आम्ही जाणतो. आमचे थोरले बंधू तर अशा विषयावर बोलणाऱ्यास ओसरीवरूनच निरोप देत. शिवाय आपल्याकडे अबकारी कायदा आहे; परवान्यावाचून घरी असले काही करणे हा गुन्हा होतो. तेव्हा हा लेख वाचून जनकगंजात कोणी पातेले चढवू नये. आमचा विषय चवीचा आहे, आणि चवीची गोष्ट ऐकण्यास सोवळे आड येऊ नये.

गव्हाची ही पांढुरकी, गढूळ बिअर मूळची बेल्जममधील. तेथील हूगार्डन नावाच्या लहानशा गावात एकेकाळी तिच्या तीसएक भट्ट्या होत्या. निम्मे जव, मोड आणून वाळवलेले. आणि निम्मा गहू, मोड न आणता तसाच. त्यात कडूपणासाठी हॉप्सची फुले अगदी बेताची, आणि शेवटी धने व कडू संत्र्याची वाळलेली साल. ही साल येई कुरासाओ बेटावरून. स्पॅनिश लोकांनी तेथे लावलेली संत्री त्या रुक्ष जमिनीत गोडवा विसरली. फळ खाण्याच्या लायकीचे राहिले नाही, पण सालीत सुगंध मात्र विलक्षण उतरला. १६३४ साली डच लोकांनी ते बेट घेतले, आणि डच व्यापाराच्या वाटेने ती साल त्या मुलखात पोहोचली. ज्या सालीला आज कडू म्हणून नावे ठेवतात तिच्यापेक्षा कितीतरी कडू साल वापरून ती माणसे शतकानुशतके सौम्य पेय करीत आली, ही गोष्ट आमच्या पुणेरी सोबत्याने ध्यानात घ्यावी.

पुढे फिक्या सोनेरी बिअरचे युग आले आणि गव्हाच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. हूगार्डनमधील शेवटची भट्टी १९५७ साली बंद पडली. त्या भट्टीत लहानपणी हाताखाली काम केलेला पिअर सेलिस नावाचा एक गृहस्थ गावात दूध घालण्याचा धंदा करी. जुन्या लोकांना त्या चवीची हळहळ वाटे, आणि याला ती कशी करतात हे आठवत होते. १९६६ साली त्याने ती पुन्हा केली. गवळ्याच्या आठवणीवर एक अख्खा प्रकार जिवंत राहिला! १९८५ साली त्याच्या कारखान्यास आग लागली, मोठ्या कंपनीचे भांडवल घ्यावे लागले, आणि काही वर्षांत कारखाना कंपनीचाच झाला. तेव्हा साठी ओलांडलेला हा माणूस अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरी गेला आणि १९९२ साली तेथे नव्याने भट्टी उभारली. तीही पुढे दुसऱ्यांच्या हाती जाऊन बंद पडली. २०११ साली तो वारला.

ऑस्टिनचे नाव आम्हांस यासाठी ठाऊक, की थोरल्या बंधूंचा मुलगा तेथे नोकरीस आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोघे किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. वडिलांच्या पश्चात या चिरंजीवांनी तो नाद धरला. एका हिवाळ्यात आम्ही दोन महिने त्याच्याकडे राहिलो, तेव्हा त्याच्या मोरीत, गॅरेजात आणि फडताळात नळ्या, बाटल्या आणि पिंपे यांचा संसार होता. बंधूंची आठवण होऊन आम्हांस प्रथम संकोच वाटला. पण पोर अगदी निष्ठेने कामास लागलेले पाहून आम्ही पाट ओढून बसलो.

त्याच्या पहिल्या खेपेस पुण्यासारखाच प्रकार झाला होता. बाजारातून चार संत्री आणून त्याने साली सोलल्या, त्या आतल्या पांढऱ्या कापसासकट चिरल्या आणि काढा चुलीवर चढल्यापासून तासभर उकळल्या. यात दोन चुका एकाच वेळी झाल्या. संत्र्याचा सुवास असतो तो सालीच्या रंगीत पापुद्र्यातील तेलात. त्या बारीक पुटकुळ्या दाबल्या की डोळ्यांत उडते तेच ते तेल. ते वाफेबरोबर निघून जाते. आणि कडू द्रव्ये असतात ती मुख्यत्वे पांढऱ्या भागात. ती वाफेबरोबर जात नाहीत, उलट जितके उकळावे तितकी पाण्यात उतरतात. म्हणजे तासाभरात घराला संत्र्याचा घमघमाट आणि पातेल्याला सालीचा कडूपणा, अशी वाटणी झाली. त्यावर त्याने वापरलेले किण्व बव्हेरियाकडचे होते. त्या किण्वाने बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो जर्मन गव्हाच्या बिअरला शोभतो, पण तेथे संत्र्याची साल मुळी घालीतच नाहीत. केळे, लवंग आणि कडू साल एकत्र आल्यावर जे व्हावयाचे ते झाले.

दुसऱ्या खेपेस त्याने सालीऐवजी रस घातला. हाही एक मोठा भ्रम आहे. रसातील साखर किण्व खाऊन टाकते आणि मागे उरते ती नुसती आंबट धार. ज्या रसाला आपण संत्र्याची चव म्हणतो तिच्यात निम्मी साखरच असते, ती गेली की ओळख पटत नाही. शिवाय लिंबूवर्गीय रसाला एक वाईट खोड आहे. मोसंबीचा रस काढल्याबरोबर प्यावा, तासाभराने तो कडसर लागतो, हे आपल्या घरांत पोरासोरांनाही ठाऊक असते. फळ शाबूत असते तोवर त्यातील एक द्रव्य बेचव असते; रस निघाला, आंबटाशी गाठ पडली की त्याचेच हळूहळू लिमोनिन होते आणि ते जिभेला झोंबते. तास-दोन तासांत मोसंबीची ही दशा, तर तीन आठवडे पिंपात पडलेल्या रसाचे काय होत असेल?

मग त्याने आपल्या आईला फोन केला. आमच्या वहिनींचा संत्र्याच्या सालीचा मुरंबा ज्यांनी खाल्ला आहे त्यांस तो निराळा सांगावयास नको. "आई, सालीचा कडूपणा तू कसा काढतेस गं?" एवढेच त्याने विचारले. वहिनी हरखल्या. मुलाला घरचा मुरंबा आठवला, या आनंदात त्यांनी सगळे सांगितले: साल तीनदा उकळायची, दर वेळी पाणी फेकायचे, चौथ्या पाण्यास पाक. मुलाने तसे केले. बिअरमध्ये कडूपणा औषधालाही राहिला नाही, आणि संत्रेही राहिले नाही! फेकलेल्या पाण्याबरोबर दोघेही गेले होते. मुरंब्याला त्याचे काही वाटत नाही. तेथे पाक असतो, केशर-वेलची असते, आणि सालीचा मऊ चावा हीच गंमत असते. बिअरला असा कोणताच आधार नाही.

साल कशासाठी हवी होती हे मात्र आमच्या तोंडून निसटले, आणि वहिनी चार दिवस फोनवर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या मुलाशी थेट न बोलता आम्हांस म्हणाल्या, "भावजी, त्याला म्हणावं, वास हवा असेल तर पाण्यात घालू नकोस. नारिंगी भातात मी साल किसते ती वरची वर, पांढरं दिसलं की हात थांबवते. आणि भात उतरवल्यावर घालते. चुलीवर कधीच नाही." एवढे बोलून त्यांनी इकडच्या थंडीची चौकशी केली.

हे एवढेच शास्त्र आहे. बारीक किसणीने रंगीत साल तेवढी काढावी. १९ लिटरांच्या पातेल्यास चार संत्री पुरे होतात, वजनाने सुमारे २० ग्रॅम. ती आच बंद केल्यावर घालावी आणि काढा लगेच थंड करावा. किंवा त्याहून बरे, आंबणे पुरते ओसरल्यावर घालावी, कारण आंबताना जो वायू बुडबुड्यांनी वर येतो तो सुवासही घेऊन जातो. काही लोक साल दोन-तीन दिवस थोड्याशा व्होडकात भिजवून तो अर्क बाटल्या भरताना थेंबाथेंबाने घालतात. चाखत चाखत थांबता येते, हा त्यात मोठा लाभ. वाळलेली साल घ्यावयाची तर प्रथम चिमूटभर घेऊन कपभर गरम पाण्यात टाकावी आणि पिऊन पाहावी. जे कपात झोंबते ते पिंपातही झोंबणारच. आमच्या पुतण्याने ही परीक्षा केली तेव्हा दुकानातील एक पुडी सरळ केराच्या टोपलीत गेली.

पाण्याविषयीही एक शब्द. नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढून टाकले नाही तर बिअरला इस्पितळातल्यासारखा वास मारतो, आणि लोक तो दोष सालीच्या माथी मारतात.

पण आम्हांस खरी मौज वाटली ती धन्यांची. ही बिअर पिताना जे लिंबू-संत्रे जाणवते त्यातील बराच वाटा धन्यांचा असतो, हे आम्हांस माहीत नव्हते. धन्यांच्या तेलात लिनालूल नावाचे द्रव्य प्रमुख असते, आणि तेच द्रव्य कमी-अधिक प्रमाणात लिंबाच्या व संत्र्याच्या फुलांतही सापडते. परंतु धन्या-धन्यांत फरक आहे. अमेरिकेतील वाणसामानाच्या दुकानात मिळणारे बारीक, वाटोळे, तपकिरी धने घातले तर बिअरला भाजीसारखा, कोणी म्हणतात शिजवलेल्या मांसासारखा, वास येतो. त्या नादातील जाणती माणसे हिंदुस्थानी धने शोधतात: लांबट, फिकट, हिरवट पिवळे. हे ऐकून आमची छाती फुगली. असे धने पाहण्यास आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या गुना जिल्ह्यातील कुंभराजची मंडई धन्यांकरिताच नावाजलेली आहे. आम्ही निघताना वहिनींनी डाळ बाजारातून आणविलेले पावशेर धने पिशवीत घातलेच होते, मुलाच्या आमटीसाठी म्हणून. त्यांतील २० ग्रॅम पातेल्यात गेले, जाडसर ठेचून, अगदी शेवटच्या पाच मिनिटांत. पूड केली तर टरफलाचा तुरटपणा उतरतो.

ती बिअर आम्ही चार आठवड्यांनी प्यालो. प्रथम गव्हाचा मऊपणा, मग कोठून तरी संत्र्याची झुळूक, आणि घोट गेल्यावर जीभ स्वच्छ. कोणता पदार्थ कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सांगता येईना. पुण्याच्या त्या पानगृहात संत्रे आधी ओरडले आणि मग घशाला लागले, कारण करणाऱ्यास घाई होती आणि गिऱ्हाइकाला पहिल्या घोटातच पैसे वसूल झाल्यासारखे वाटावयास हवे होते. काठावरच्या चकतीविषयी आमचे स्पष्ट मत असे, की ती आधी झालेल्या चुकीची कबुली असते. चकतीचा आंबट रस फेस मोडतो आणि ज्या नाजूक वासासाठी एवढा खटाटोप करावयाचा तोच झाकून टाकतो. ज्यांना चकती आवडते त्यांनी ती खुशाल खावी; पेल्याबाहेर.

आम्ही परतलो तेव्हा वहिनींनी धने पुरले का, एवढेच विचारले. आम्ही पुरले म्हणालो. आमटीत की कशात, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. यंदाचे नवे धने फाल्गुनात बाजारात येतील. मुलाने अर्धा शेर मागविले आहेत, आणि वहिनींनी पितळेचा डबा घासून उन्हात ठेवला आहे.