शेतकऱ्यांचा प्रतिनिधि कोणास म्हणावें?

शेतकरी वर्गांतून निवडून गेलेला सभासद पिकाच्या भावाविषयीं बोलला कीं त्यानें आपलें कर्तव्य केलें, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमचें मत निराळें आहे. नांगर, खत व वाहन शेतकऱ्यास कोणत्या किमतीनें घ्यावें लागतें, हेंही जो सभागृहांत विचारतो तोच आम्हांस खरा प्रतिनिधि वाटतो. या दृष्टीनें ऑस्ट्रेलियांतील बर्ट केली यांची कारकीर्द पाहण्याजोगी आहे.

केली यांचा जन्म १९१२ सालचा. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ॲडलेडच्या उत्तरेस टार्ली येथें त्यांची शेती होती. १९५८ सालीं ते वेकफील्डमधून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटांत गेले. त्या वेळीं व्यापारखातें कंट्री पक्षाचे पुढारी जॉन मॅक्यूएन यांच्या हातीं होतें. मॅक्यूएन हेही शेतकरीच. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांस दिलेल्या जमिनीवर स्टॅनहोप येथें गाई पाळून त्यांनीं संसार उभा केला होता. १९५७ सालीं जपानशीं करार करून त्यांनीं लोकरीस मोठें गिऱ्हाईक मिळवून दिलें, याचें श्रेय कोणीं नाकारूं नये. परंतु शहरांतील कारखाने जगावेत म्हणून परदेशी मालावर जबर जकात बसविण्याचें धोरणही त्यांनींच चालविलें, आणि शेतकऱ्यांचा म्हणविणारा पक्ष त्यांच्या मागें उभा राहिला.

या जकातीचा भार शेवटीं कोणावर पडतो, हें केली वर्षानुवर्षें सांगत राहिले. कारखानदार वाढलेला खर्च मालाच्या किमतींत घालतो; मजूर तो वेतनांत मागून घेतो. गहूं व लोकर मात्र परदेशच्या बाजारभावानें विकावयाची. तेथें शेतकऱ्यास आपला खर्च कोणावरही ढकलतां येत नाहीं. केली यांचे वडील पूर्वीं जकात मंडळाचे सभासद होते. त्या मंडळाचे रुक्ष अहवाल केली बारकाईनें वाचीत व त्यांतील आंकडे सभागृहापुढें मांडीत. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या सवयीचें विशेष कौतुक वाटतें. कोष्टकें कंटाळवाणीं खरीं, पण पैसा कोणाच्या खिशांतून जातो तें तेथेंच दिसतें.

१९६७ सालीं त्यांस बांधकामखात्याचें व पुढील वर्षीं आरमारखात्याचें मंत्रिपद मिळालें. १९६९ सालीं तें गेलें. त्यानंतर ‘नम्र सभासद’ या नांवानें ते एका अर्थविषयक वृत्तपत्रांत लिहूं लागले. शेजारचा शेतकरी फ्रेड, नवऱ्यानें मोठें व्हावें म्हणून झुरणारी मेव्हिस आणि पुस्तकी अर्थशास्त्री एकल्स अशीं पात्रें योजून त्यांनीं जकातीसारखा नीरस विषय घरोघर नेला.

जकातीमुळें परदेशांतून वसाहतीस आलेल्या लोकांस काम मिळालें, असें प्रतिपक्षाचें म्हणणें असे. तें अगदींच खोटें नव्हे. पण त्या कामाची किंमत देणाऱ्यास निदान तिचा आंकडा तरी कळावयास हवा होता कीं नाहीं?

१९७३ सालीं व्हिटलम यांच्या मजूर सरकारनें सर्व जकाती एक चतुर्थांशानें उतरविल्या. १९७७ सालीं केली यांस स्वपक्षानेंच उमेदवारी नाकारली. पुढें ‘नम्र शेतकरी’ म्हणून त्यांचें लिहिणें चालूच राहिलें. १९८८ व १९९१ सालीं जकाती आणखी उतरविण्याचे निर्णय झालेले त्यांनीं पाहिले. १९९७ सालीं ते वारले. त्या दोन्ही वेळीं अधिकारावर मजूर पक्षच होता.