निरोपसमारंभाचा शिष्टाचार

मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची जी दाटी होते, तिचे श्रेय बऱ्याच अंशी जुन्या शाळामास्तरांना द्यावे लागेल. कारण ज्या मुलांची जन्मतारीख घरच्यांस ठाऊक नव्हती, त्यांच्या नावापुढे त्यांनी १ जून ही तारीख बिनदिक्कत नोंदविली, आणि पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सरकारी शिरस्ता आहे.

अशा प्रसंगी सर्वांत नाजूक बाब वर्गणीची. कोणी उत्साही कारकुनाने यादी घेऊन टेबलाटेबलांवरून फिरावे, आणि शिपायाने वरच्या नावापुढील आकडा पाहून, महिनाअखेरीच्या रित्या खिशाची लाज झाकीत, तोच आपल्याही नावापुढे मांडावा, हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की, केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनी निरोपाच्या वर्गणीसाठी दबाव आणण्यास स्पष्ट मनाई केली आहे, याचे स्मरण कोणासही राहत नाही. नियम केंद्राच्या सेवकांपुरता असला, तरी त्यामागील विवेक जिल्हा कचेरीसही मानवण्याजोगा आहे. यादीत केवळ नावे लिहून रक्कम बंद पाकिटात घेणे आम्हांस अधिक सभ्य वाटते.

भाषणांविषयी थोडक्यात: सत्कारमूर्ती सहकुटुंब समोर बसले असता त्यांच्या विभागीय चौकशीवर किंवा हुकलेल्या बढतीवर विनोद करू नये, आणि अध्यक्षांनी, अल्पोपाहार निवत असल्याचे ध्यानी घेऊन, स्वतःच्या सेवेचा इतिहास स्वतःच्या निरोपापर्यंत राखून ठेवावा.