बापाच्या खांद्यावरची श्रद्धा

हा नाताळ अंक नव्याने बाप झालेल्या तरुणांसाठी आहे. भिलाई पोलाद कारखान्यातली रात्रपाळी करून सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये परतायचे, डोळ्यांवर झोप असताना रडणारे तान्हे खांद्यावर घ्यायचे आणि महिनाअखेरीला औषधाचा खर्च कसा भागवायचा याचा हिशेब मांडायचा. प्रार्थनेला निवांत वेळ नाही, ही खंत त्यांच्यापैकी अनेकांना असते. आम्हाला वाटते, ते बाळ थोपटणे हीच त्यांची प्रार्थना आहे.

शुभवर्तमानांत येशूचा पालक-पिता योसेफ याच्या तोंडी एकही वाक्य नाही. हेरोद राजापासून बाळ येशूला वाचवायला हा सुतार रात्रीच उठला आणि मायलेकरांना घेऊन मिसर देशी गेला. त्याची श्रद्धा त्याच्या पावलांत होती.

श्रद्धेची कसोटी आणखी एका बापाचीही लागली. 1893 साली नोकरीच्या शोधात आपल्या शेजारच्या राजनांदगावला निघालेल्या मराठी कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू काही वर्षे त्यांना दुरावले. ती ताटातूट सोसून संसार पुन्हा जुळला. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. या दांपत्याने अनाथ मुलांनाही माया दिली.

वाचकहो, या नाताळात शेजारच्या बाळंतघरी जरूर जा. गरम जेवणाचा डबा न्या, तासभर बाळ सांभाळा आणि थकलेल्या त्या बापाला झोपू द्या.