मोगलीची मालिका आणि आमचे अरण्य

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हां बालाघाटकरांना मोगलीविषयी अंमळ अधिक आपुलकी वाटावी, हे साहजिकच होय. रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधील डोंगर शेजारच्या सिवनीचे, आणि नदी आमची वैनगंगाच! या कथेवर जपानमध्ये तयार झालेली ५२ भागांची चित्रमालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून आली. त्यात शेरखानाला आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी.

आमच्या मते, वानरांनी मोगलीला पळवून नेल्याची कथा सर्वांत सरस उतरली आहे. बल्लू व बघीरा यांच्या मदतीस तेथे ‘का’ नावाचा अजगर धावून येतो. १९६७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात हाच ‘का’ कपटी शत्रू ठरला होता. जपानी चित्रकारांनी त्याचा मूळचा मान त्यास परत दिला.

दोन गोष्टी मात्र खटकतात. किची हा लाल पांडा कितीही गोजिरवाणा असला, तरी तो हिमालयाचा रहिवासी. सातपुड्यात त्याचे घर नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शेरखान भागामागून भाग दुष्टच दिसतो. हा दोष मूळ पुस्तकातलाच, हे खरे. परंतु खरा वाघ शिकार करतो ती भुकेपोटी, वैरापोटी नव्हे. ज्या जिल्ह्यातून कान्हाच्या रानात शिरण्याचा मुक्की दरवाजा आहे, तेथील मुलांच्या मनात वाघाची अशी प्रतिमा ठसावी काय? उद्या त्या वाघाचे रक्षण त्यांनाच करावयाचे आहे.

मालिका अवश्य पाहावी. वाघाची ओळख मात्र कान्हाच्या रानातच करून घ्यावी.