शेवटच्या पाळीची तारीख कोणाकोणाला ठाऊक?

स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. पूर्वी बायका ती सणावारावरून सांगत: ‘संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘पोळ्याच्या आधी’. काही जणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीकशी खूण करून ठेवत. आता तरुणी पर्समधून फोन काढतात आणि अचूक तारीख दाखवतात. डॉक्टरांची यात सोयच आहे. गर्भाचे वय मोजायला आणि अनियमित पाळीचे कारण शोधायला ही नोंद फार उपयोगी पडते. मात्र केसपेपरवर येण्याआधी ती आणखी कोणाकडे पोहोचलेली असते, हे दाखवणाऱ्या तरुणीलाही ठाऊक नसते.

पाळीची नोंद ठेवणारे ‘फ्लो’ हे अॅप जगभरात दहा कोटींहून अधिक जणींनी वापरले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये या कंपनीविरुद्धची तक्रार जाहीर केली आणि समझोता झाला. माहिती खासगी ठेवण्याचे वचन देऊनही ती फेसबुक, गुगल आदींच्या विश्लेषण-सेवांना पुरवली, असा आरोप होता. कंपनीने चूक मान्य केली नाही. यात कोणी फाईल चोरली नव्हती. अॅप बनवताना इतर कंपन्यांचे तयार कोड त्यात जोडले जातात. वापरणारीने एखादे बटण दाबले की त्या ‘घटने’ची वर्दी तिकडे जाते. गरोदरपणाचा आठवडा निवडला, तर पाठवल्या जाणाऱ्या घटनेच्या नावातच गरोदरपणाचा उल्लेख होता. याच प्रकरणातील खासगी दाव्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्युरीने फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, जबाबदार धरले.

रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन डॉक्टरवर पूर्वापार आहे. अॅपवर ते फक्त कायद्याने येते. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. पण कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक जपायचा असा वर्गच नाही. २०११ च्या नियमांत तो होता. हे पाऊल मागेच पडले म्हणायचे.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहायला हवे. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, तपासता येतो. बर्लिनमध्ये तयार झालेले ‘ड्रिप’ हे पाळीचे अॅप असे आहे. त्यातली नोंद फोनमध्येच राहते, आणि त्याला पासवर्ड लावता येतो. अशी अॅप ‘एफ-ड्रॉइड’ या २०१० पासून चालणाऱ्या भांडारात मिळतात. तिथे एखादे अॅप माग काढत असेल, तर तशी सूचना त्याच्या नावाखालीच लिहिलेली असते. औषधांच्या पाकिटावर इशारा छापतात, तसेच हे.

पण हा दरवाजा किती काळ उघडा राहील? ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केले, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर यापुढे ओळख पडताळलेल्या डेव्हलपरांचीच अॅप बसवता येतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरची का असेनात. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, असे ठरले. हे लागू झाले तर आपले काम आजच्या रूपात संपेल, असे एफ-ड्रॉइडने म्हटले. नोव्हेंबरमध्ये गुगल थोडे नमले आणि जाणकारांसाठी, इशारे देऊन का होईना, वेगळी वाट ठेवण्याचे कबूल केले. गुगलने दिलेले फसवणुकीचे कारण मात्र खोटे नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली फाईल उघडली आणि खाते रिकामे झाले, असे आपल्याकडे घडतेच आहे. तरी चोराच्या भीतीने गावाची वेस एकाच मालकाच्या ताब्यात द्यायची का, ही शंका उरतेच.

याच्या पुढची पायरी म्हणजे फोनची संपूर्ण प्रणालीच बदलणे. ‘लिनिएज’ किंवा ‘ग्राफीन’सारख्या प्रणालींमध्ये गुगलच्या सेवा मुळात नसतात. ग्राफीन सध्या फक्त पिक्सेल फोनवर चालते; आयफोनवर असे काही करताच येत नाही. मात्र सरसकट सर्वांना हा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. अनेक बँकांची आणि पैसे पाठवण्याची अॅप बदललेल्या प्रणालीवर सुरूच होत नाहीत. त्याहून गंभीर बाब मधुमेहींची. दंडावर ग्लुकोजचा सेन्सर लावलेल्या रुग्णाला मध्यरात्री साखर घसरल्याचा गजर फोनवरच्या अॅपमधून मिळतो. प्रणाली बदलल्यावर ते अॅप अडखळले, तर गजर वाजणार नाही आणि घरचे झोपलेले राहतील. सेन्सर बनवणारी कंपनी कोणते फोन चालतात याची यादी देते. ती पाहिल्याशिवाय अशा रुग्णाने काहीही बदलू नये.

आणखी एक गोष्ट परदेशी चर्चेत फारशी येत नाही. आपल्याकडे फोन अनेकदा घरातल्या सगळ्यांचा असतो. नवऱ्याला, सासूला, भावाला त्याचा पॅटर्न पाठ असतो. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्याच्या स्क्रीनवर ‘गोळीची वेळ झाली’ एवढी ओळ झळकली तरी पुरे. २०१७ च्या कायद्याने या आजाराची गुप्तता राखणे बंधनकारक आहे, पण स्क्रीनवरून वाचणाऱ्या नातेवाइकापुढे तो कायदा काय करणार? इथे प्रणाली मुक्त आहे की बंद याने फरक पडत नाही. लॉक असताना सूचना दिसू न देणे आणि त्या अॅपला वेगळा पासवर्ड लावणे, हे मात्र साध्या फोनवरही होते.

ज्यांना बदल करायचा आहे, त्यांनी एका अॅपपासून सुरुवात करावी; पाळीचे अॅप त्यासाठी उत्तम. जुने अॅप नुसते फोनवरून उडवू नये. तसे केल्याने कंपनीकडची माहिती पुसली जात नाही. आधी अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन खाते हटवावे, मगच अॅप काढावे. नव्या अॅपमध्ये नोंद फोनवरच राहत असल्याने फोन हरवला की तीही गेली, हे लक्षात ठेवून महिन्यातून एकदा तिची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. तेवढेही जमले नाही, तर मागच्या चार-पाच पाळ्यांच्या तारखा वहीत लिहून आणाव्यात. ओपीडीत तेवढ्याने काम भागते.